जमिनीवर मांडी घालून केलेलं संशोधन

रायपूरच्या तात्यापाऱ्यात किंवा चौबे कॉलनीत एखाद्या मराठी घरातलं तीन वर्षांचं मूल बोलत नसलं, हाक मारली तरी वळून बघत नसलं, की पहिलं निदान आजीचं असतं: ‘याचा बापही उशिराच बोलला होता.’ वर्षभर त्यातच जातं. मग बालरोगतज्ज्ञ, कानांची तपासणी आणि शेवटी टाटीबंधचं एम्स. रायपूरकरांना निदान रिक्षाने तिथे पोचता येतं. जगदलपूरच्या आईबापांना त्यासाठी सुमारे ३०० किलोमीटर कापावे लागतात, आणि ऑटिझममध्ये, म्हणजे स्वमग्नतेत, एका भेटीने काहीच भागत नाही.

तज्ज्ञ थोडे आणि लांब, तर मुलापर्यंत मदत पोचवायची कशी? डॉ. गौरी दिवान यांचं बरंचसं संशोधन या प्रश्नाभोवती फिरत आलं आहे. त्या मुलांच्या वाढ-विकासाच्या डॉक्टर. गोव्यात १९९६ साली सुरू झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेत त्यांनी बालविकासाच्या कामाची धुरा सांभाळली. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल हे या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक.

उपचार शोधण्याआधी दिवान आणि त्यांचे सहकारी गोव्यातल्या आईवडिलांशी बोलले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात औषधांपेक्षा घराचीच हकिगत जास्त आहे. नात्यांवर येणारा ताण, हळूहळू आक्रसत जाणारा गोतावळा, शाळेत आणि दवाखान्यातही मिळणारी कोरडी वागणूक. मुलाला काय झालंय ते कळल्यावर सगळ्या कुटुंबाचंच वेळापत्रक बदलतं, हे त्यातून नीट दिसलं.

पुढचं पाऊल धाडसाचं होतं. मँचेस्टरच्या जोनाथन ग्रीन यांनी १५२ मुलांवर एक पद्धत तपासली होती. २०१० साली तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. तिथे ती वाचा-उपचारतज्ज्ञ वापरत. आपल्याकडे इतके तज्ज्ञ आणायचे कुठून? म्हणून गोवा आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी अशा दोन ठिकाणी तज्ज्ञ नसलेल्या कार्यकर्त्यांना शिकवून तीच पद्धत घरोघरी नेली गेली. या दोन देशांत एकत्र काय काय होतं ते आपण जाणतोच, त्यामुळे हे मुद्दाम नोंदवायला हवं. ६५ मुलं, वयं २ ते ९.

पद्धत दिसायला अगदी साधी आहे. आई मुलाबरोबर खेळते, त्याचं थोडा वेळ चित्रीकरण होतं, मग कार्यकर्ती आणि आई ते शेजारी बसून बघतात. समजा, मूल गाड्यांची रांग लावतंय आणि आई विचारतेय, ‘ही कोणत्या रंगाची? ही किती?’ मूल पाठ फिरवतं. पुढे एका क्षणी आई थकून गप्प बसते, मुलाने गाडी ढकलली की नुसतं ‘भुर्रर्र’ म्हणते. मूल मान वर करून बघतं. कार्यकर्ती व्हिडिओ थांबवते तो नेमका इथे. आईच्या चुका दाखवायच्या नाहीत, जमलेलं दाखवायचं आणि तिलाच विचारायचं, आत्ता काय झालं? मग रोज घरी तसाच खेळ. अशा बारा बैठका.

निष्कर्ष २०१६ साली ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त आले. मुलाच्या कलाने प्रतिसाद देणं आईवडिलांमध्ये वाढलं, मुलं आपणहून संवाद सुरू करू लागली. मात्र दोघांनी मिळून एकाच गोष्टीत रमण्याचा वेळ वाढण्याऐवजी घटला, आणि संशोधकांनी तेही छापलं. सगळंच गोड सांगणाऱ्या अभ्यासांपेक्षा हा म्हणूनच जास्त विश्वासाचा वाटतो.

ही गरज मोजक्या घरांची नाही. उत्तर गोव्यासह देशातल्या पाच ठिकाणी झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत २ ते ९ वयाच्या साधारण आठांतल्या एका मुलात मेंदूच्या वाढीशी निगडित काही ना काही अडचण आढळली. त्यात ऐकू न येणं, अपस्मारही आले, स्वमग्नता त्यांतली एक.

आता छत्तीसगडकडे या. डॉक्टर नसलेल्या बाईच्या हाती गावाचं आरोग्य सोपवायचा प्रयोग या राज्याने २००२ सालीच ‘मितानिन’च्या रूपाने केला, देशात ‘आशा’ येण्याच्या तीन वर्षं आधी. त्यामुळे दिवान यांचं काम वाचताना मितानिन आठवणं साहजिक आहे. पण थेट जोडणी होणार नाही. गोव्यातले कार्यकर्ते त्याच कामासाठी नेमलेले होते, त्यांच्यावर तज्ज्ञांची सतत देखरेख होती. मितानिनकडे बाळंतपणं, लसीकरण, मलेरिया आधीच आहेत. एका मुलासाठी बारा भेटी तिच्या मानधनात कशा बसवायच्या आणि बस्तरमधल्या मितानिनचे व्हिडिओ रायपुरात कोण बघणार, हे सरकारला आधी ठरवावं लागेल.