सारनाथचे सिंह आणि हट्टीचं सोनं

काशीला गेलेली मराठी मंडळी गंगास्नान, विश्वनाथाचं दर्शन आणि शालूची खरेदी आटोपली की अर्धा दिवस काढून सारनाथला जातात. तिथल्या संग्रहालयातले चार सिंह पाहिले की लहान पोरही ओळखतं, ‘अरे, हे तर नोटेवरचे!’ ऑर्टेल यांनी केलेल्या उत्खननात १९०५ साली ते सापडले. सम्राट अशोकाचे म्हणून आपण त्यांच्यापुढे हात जोडतो. पण गंमत पाहा, त्या स्तंभावरच्या लेखाचा जो भाग आज वाचता येतो, त्यात अशोकाचं नावच नाही!

मग नाव मिळालं कुठून? उत्तराचा पहिला धागा बनारसचाच आहे. जेम्स प्रिन्सेप हा इंग्रज अधिकारी १८२० ते १८३० अशी दहा वर्षं इथल्या टांकसाळीत धातूंचा कस पाहण्याच्या कामावर होता. पुढे कलकत्त्याच्या टांकसाळीत असताना, १८३७ साली, त्यानं ब्राह्मी लिपीचं कोडं सोडवलं. जुने लेख बोलू लागले. पण त्यातला राजा स्वतःला ‘देवानांप्रिय प्रियदर्शी’ एवढंच म्हणवून घेत होता. सिंहली ग्रंथांवरून तो अशोक असावा, असं विद्वानांनी ताडलं. दगडावरचा पुरावा मात्र हाती नव्हता.

तो मिळाला पार दक्षिणेत, निजामाच्या राज्यातल्या मस्की गावी. सी. बीडन नावाचा खाण अभियंता १९१५ साली तिथं सोन्याच्या शोधात हिंडत होता. त्याला दिसला तो कोरीव लेख, आणि त्यात स्पष्ट ‘अशोक’!

सोनं शोधायला तो तिथंच का गेला? कारण रायचूरची ही जमीन फार पूर्वीपासून सोन्याची. याच जिल्ह्यात लिंगसुगूर तालुक्यात हट्टी हे छोटंसं गाव आहे. तिथल्या प्राचीन खाणी सहाशे फुटांहून खोल गेलेल्या आढळल्या. आत सापडलेल्या लाकडाचं वय सुमारे दोन हजार वर्षं भरलं. ना वीज, ना पंप, ना सुरुंग! दगडाला लाकडांचा जाळ लावायचा, तापून तडकला की फोडायचा आणि वर आणायचा. त्या धुरात किती जीव गुदमरले असतील, याचा हिशेब कुठल्याच राजानं कोरून ठेवलेला नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज कंपनीनं इथं काही वर्षं खाण चालवली. १९४७ साली हैदराबाद संस्थानात नवी कंपनी स्थापन झाली. तेव्हा आपला मराठवाडाही त्याच संस्थानात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला, हट्टी म्हैसूरकडे गेली. आज ही खाण कर्नाटक सरकारच्या कंपनीची आहे.

टनभर दगड दळावा तेव्हा जेमतेम काही ग्रॅम सोनं हाती लागतं. गावातली वसाहत, दुकानं, मुलांच्या शाळा, सारं या काही ग्रॅमवर उभं आहे. कोलारच्या खाणी २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झाल्या. तिथली कामगारांची मुलं आता पहाटेची गाडी पकडून नोकरीसाठी बंगळूर गाठतात. हट्टीचा पाळणा मात्र अजून रोज कामगारांना घेऊन खाली उतरतो.