श्रावणात बेटावर जायचंय? आधी होडीचं विचारा



खुरपणी उरकली की गटात सहलीचा विषय निघतोच. शिर्डी, शनिशिंगणापूर झालेलं असतं. मग कुणीतरी म्हणतं, "यंदा श्रावणात मालवणचा सिंधुदुर्ग किल्ला बघू." गाडीवाला आगाऊ रक्कम मागतो आणि बचतीतून पैसे निघतात. पण जरा थांबा.

सिंधुदुर्ग भर समुद्रात, कुरटे बेटावर आहे. शिवाजी महाराजांनी १६६४ साली त्याचं काम सुरू केलं. तिथे जायला होडीच लागते आणि मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत ती बंद असते. मुरूडच्या जंजिऱ्याचंही तसंच. म्हणजे एवढ्या लांब जाऊन किल्ला किनाऱ्यावरूनच बघायचा!

होडी बंद का ठेवतात? आपल्याला वाटतं, पावसामुळे. खरं कारण वारा. पावसाळ्यात वारं समुद्राकडून जमिनीकडे जोरात वाहतं. दूर समुद्रात उठलेल्या लाटा किनाऱ्याच्या उथळ पाण्यात येऊन उंच होतात, खडकांवर फुटतात. आपल्या प्रवरेचा पूर पाऊस थांबला, धरणाचं पाणी कमी झालं की उतरतो. समुद्राचं तसं नाही. मालवणात कडक ऊन पडलं तरी लाटा उसळतच राहतात. म्हणून "आज पाऊस नाही, तेवढं सोडा" असा हट्ट कुणाकडे धरू नये.

कोळी बांधवही हे पाळतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. तो माशांच्या विणीचाही काळ. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहतात, मग होड्या पाण्यात लोटतात. किल्ल्यावर आजही काही कुटुंबं राहतात. कोकणात पावसाआधीच धान्य, मीठ, मसाला, सरपण भरून ठेवतात. त्याला आगोटीची बेगमी म्हणतात.

मग जायचं कधी? कापूस वेचणीचे दिवस सांभाळून डिसेंबर-जानेवारीत जा. समुद्र शांत असतो. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या किल्ल्यातल्या गोड्या पाण्याच्या विहिरी नक्की बघा. चहूकडे खारं पाणी आणि मध्ये गोडं!

पैसे देण्याआधी तीन गोष्टी विचारा. त्या तारखेला होडी चालू आहे का? होडी बंद निघाली तर पैसे परत मिळतील का? प्रत्येकीला लाइफ जॅकेट मिळेल का? उत्तरं गटाच्या वहीत लिहून ठेवा. होडीत जॅकेट अंगात घालून पट्टे बांधा, मांडीवर ठेवू नका. होडी जास्त भरली असेल तर पुढच्या फेरीने जा.

आणि श्रावणात फिरायचंच असेल तर भंडारदऱ्याला जा. आपल्या बेलापूरला येणारं प्रवरेचं पाणी तिथूनच येतं. तिथेही धबधब्याखाली उतरू नका, काठावरूनच बघा.

गटाची बचत रुपया-रुपयाने साठते. ती सहलीला जरूर खर्च करा, पण समुद्राचा हंगाम बघून.