चार सर्व्हर घेतले म्हणजे काम चौपट होतं का?



बिलिंग ॲप असो, ऑनलाइन दुकान असो की क्लासचं पोर्टल, धंदा वाढला की एक दिवस सॉफ्टवेअर रडायला लागतं. महिनाअखेरचा रिपोर्ट निघायला अर्धा तास लागतो. मग सॉफ्टवेअरवाल्याचं कोटेशन येतं : "सर, चार सर्व्हरचा क्लस्टर टाकू, चौपट स्पीड मिळेल." आपल्याला त्यातलं फार कळत नाही आणि भांडवल तर मोजकंच. म्हणून सही करण्याआधी एवढं वाचा.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा

पहिली गोष्ट : काम तेवढंच आहे, यंत्रं दुप्पट केली, तर वेळ निम्मा झाला का? याला स्पीडअप म्हणतात. दुसरी : काम दुप्पट झालं, यंत्रंही दुप्पट केली, तर वेळ पहिल्याइतकाच राहिला का? हे स्केलअप. डेव्हिड डीविट आणि जिम ग्रे या दोन संशोधकांनी १९९२ मध्ये समांतर डेटाबेसवर एक गाजलेला लेख लिहिला, त्यात हीच दोन मापं लावली आहेत. तुम्हाला यातलं नेमकं काय हवंय? आजचा रिपोर्ट लवकर हवाय, की उद्या गिऱ्हाईक दुप्पट झालं तरी सिस्टीम टिकायला हवीय? दोन्ही प्रश्नांची उत्तरं वेगळी असू शकतात.

तीन स्वयंपाकघरं

समजा, तुमचं पोळी-भाजी केंद्र आहे.

पहिली पद्धत : एकच स्वयंपाकघर, एकच ओटा, पोळ्या लाटायला चौघीजणी. कणीक हाताशी, बोलणं समोरासमोर, काम झपाझप. याला शेअर्ड मेमरी म्हणतात : एका सर्व्हरमध्ये अनेक प्रोसेसर, सगळ्यांची मेमरी आणि डिस्क एकच. सांभाळायला ही सगळ्यात सोपी. पण ओट्याची लांबी ठरलेली आहे. चाळीस जणी उभ्या केल्या तर पोळ्या कमी आणि धक्काबुक्की जास्त.

दुसरी पद्धत : स्वयंपाकघरं चार, पण कोठीची खोली एकच. ही शेअर्ड डिस्क. ओरॅकलचं 'आरएसी' हे याचं माहितीतलं उदाहरण. फायदा असा, की एक स्वयंपाकघर बंद पडलं तरी बाकीची चालू राहतात, कारण सामान सगळ्यांनाच उघडं असतं. अडचण अशी, की एकच डबा दोघींना हवा असेल तर एकीने थांबायचं. कोणी काय घेतलं, काय बदललं, हे सगळ्यांना सतत कळवत राहावं लागतं. यंत्रं वाढली की ही कळवाकळवही वाढते.

तिसरी पद्धत : चार शाखा. प्रत्येकीचा गॅस वेगळा, कोठी वेगळी, ठरलेली गिऱ्हाइकं वेगळी. ही शेअर्ड नथिंग. मायकल स्टोनब्रेकर यांनी १९८६ मध्ये याच रचनेची बाजू मांडली होती, आणि १९७९ मध्ये सुरू झालेली टेराडेटा कंपनी याच वाटेने मोठी झाली. खूप मोठ्या डेटावर रिपोर्ट काढायचे असतील तर ही रचना सगळ्यात लांब ताणता येते, कारण वाटून घ्यायचं सामानच जवळजवळ नसतं. पण एका ऑर्डरमध्ये दोन शाखांचा माल आला की पंचाईत! दोन्ही यंत्रं "हो, झालं" म्हणेपर्यंत व्यवहार पक्का करता येत नाही.

म्हणजे सूत्र एकच : जे सामायिक असतं, तिथेच रांग लागते. आणि काहीच सामायिक नसेल, तर वाटणी चुकली की मार बसतो.

चौपट का होत नाही?

कारण एक : काही काम वाटताच येत नाही. समजा, १०० मिनिटांच्या कामातली १० मिनिटं एकाच यंत्राला करावी लागतात. १० यंत्रं लावली तर १९ मिनिटं लागतील. १०० यंत्रं लावली तरी जवळपास ११ मिनिटं! पैसे दहापट गेले आणि वाचली आठ मिनिटं. हा ॲमडालचा नियम, १९६७ पासूनचा.

कारण दोन : वाटणी असमान होते. चार यंत्रांवर शहरानुसार डेटा वाटला आणि ६० टक्के गिऱ्हाईक पुण्याचंच निघालं, तर १०० मिनिटांचं काम २५ मिनिटांत होत नाही, ६० मिनिटं लागतात. बाकीची तीन यंत्रं हात बांधून बसतात, त्यांचं भाडं मात्र चालूच. तेच ग्राहक क्रमांकावरून वाटलं असतं तर भार बराचसा सारखा पडला असता.

क्लाउडवर काय?

तिथे साठवण आणि काम करणारी यंत्रं वेगळी ठेवण्याची पद्धत रुळली आहे. ॲमेझॉनच्या ऑरोरात साठवण एकच, आणि वाचायला १५ पर्यंत जादा यंत्रं जोडता येतात. पण नेहमीच्या मांडणीत लिहिणारं यंत्र एकच असतं. म्हणजे कॅटलॉग बघणारे लोक वाढले तर उपयोग होईल, ऑर्डरी लिहिण्यातच अडकत असाल तर नाही.

मग तुम्ही काय करायचं?

हिशेब मांडा. दिवसाला ५०० बिलं म्हणजे ३ वर्षांत साधारण साडेपाच लाख. बिलात सरासरी दहा ओळी धरल्या तर ५५ लाख नोंदी. एवढं काम एक साधा, नीट लावलेला सर्व्हर आरामात ओढतो. रिपोर्ट तरीही रेंगाळत असेल तर आधी इंडेक्स तपासून घ्या. इंडेक्स नसेल तर एक बिल शोधायला डेटाबेस सगळी वही पहिल्या पानापासून चाळतो. हे दुरुस्त करायला क्लस्टर लागत नाही. पोस्टग्रेससारखा मोफत डेटाबेस तर २०१६ पासून एकाच सर्व्हरवर एक मोठा रिपोर्ट अनेक प्रोसेसरवर वाटूही शकतो.

एवढं करूनही क्लस्टरची गरज उरली, तर कोटेशन देणाऱ्याला हे चार प्रश्न विचारा :

१. यंत्रांमध्ये सामायिक काय आहे : मेमरी, डिस्क, की काहीच नाही?
२. डेटा कशावरून वाटणार? सगळ्यात मोठं गिऱ्हाईक कुठल्या यंत्रावर जाईल?
३. एक यंत्र बंद पडलं तर दुकान चालू राहील का?
४. माझाच डेटा दुप्पट करून, यंत्रं दुप्पट करून, वेळ मोजून दाखवाल का?

चौथ्या प्रश्नावर जो "हो, या बघायला" म्हणेल, त्याच्याशी पुढचं बोला. जो "सर, टेन्शन घेऊ नका" म्हणेल, त्याला चहा पाजा आणि कोटेशन परत द्या.

आजचा गृहपाठ : तुमच्या रोजच्या नोंदी किती, हे वहीत लिहा आणि ३ वर्षांचा आकडा काढा. निम्मी भीती तिथेच जाईल. भेटू पुढच्या व्हिडिओत!