जुने आऊटबोर्ड मशीन : गिअर गेला की केबल?

खाडीत होडी चालविणारे आपले बंधू जुने आऊटबोर्ड मशीन घेताना हॉर्सपॉवर विचारतात, रंग पाहतात आणि सौदा करून मोकळे होतात. चार दिवसांनी मशीन गिअर सोडू लागते. कारागीर सांगतो, खालची गिअरपेटी उघडावी लागेल. आमचा धंदा कापडाचा; पण किनाऱ्यावरच्या नातेवाइकांमुळे अशा दोन मशीनचा हिशेब आमच्या गळ्यात पडला. त्यांपैकी एकात दोष फक्त केबलच्या मापाचा निघाला. म्हणून पेटी उघडण्यापूर्वी पुढील तपासणी जरूर करावी.

कंट्रोल पुढे आणि मशीन मागे असते तेथे दोन केबल असतात, एक गिअरची आणि दुसरी थ्रॉटलची. सर्वांत आधी प्लगच्या वायरी काढून ठेवाव्यात. पंखा हाताने फिरवायचा आहे. मशीनने एक ठिणगी घेतली तरी बोटे जातील.

आता गिअरची केबल मशीनच्या बाजूने सोडवून तिथला दांडा हाताने हलवावा. दांडा मोकळा आणि कंट्रोल जड, तर केबल खाऱ्या पाण्याने आतून गंजली आहे असे समजावे. ती बदलावी, तेल पाजत बसू नये.

एकाने पंखा हळूहळू फिरवत राहावे आणि दुसऱ्याने दांडा सरकवावा. पंखा स्थिर ठेवला तर दातावर दात टेकतो आणि गिअर लागतच नाही असा गैरसमज होतो. पुढचा गिअर धरेल तेथे एक खूण, मागचा धरेल तेथे दुसरी. बरोबर मध्ये न्यूट्रल. तेथे पंखा दोन्ही बाजूंना मोकळा फिरला पाहिजे. मग कंट्रोलही न्यूट्रलवर ठेवून केबलच्या टोकाचा नट फिरवावा, टोक पिनवर जबरदस्तीशिवाय बसेपर्यंत. दोन्ही गिअर पूर्ण बसतात का, ते पुन्हा पाहावे.

थ्रॉटलची पाळी यानंतरच. न्यूट्रलमध्ये मशीनवरचा थ्रॉटलचा दांडा आपल्या थांब्याला टेकलेला हवा आणि केबलचा त्यावर किंचित दाब हवा. नाही तर गती पूर्ण उतरत नाही, चढ्या गतीतच गिअर मारला जातो आणि दात झिजतात. पूर्ण थ्रॉटलवर कार्बोरेटरची झडप पूर्ण उघडते का, तेही पाहावे.

जुन्या जॉन्सन व इव्हिनरूडसारख्या टू-स्ट्रोक मशीनमध्ये ठिणगीची वेळ आणि झडप एकाच जोडणीने चालतात. कॅमवर खूण असते. रोलर त्या खुणेशी येताच झडप हलू लागली पाहिजे. ती उशिरा हलली तर ठिणगी पुढे जाते, पेट्रोल मागे राहते आणि मशीन घुटमळते. लोक मात्र बिचारा कार्बोरेटर पुन:पुन्हा साफ करतात!

एवढे सर्व जुळूनही जोर देताच गिअर सुटत असेल, तर दातांच्या कडा गोल झाल्या आहेत. तेथे पाना चालत नाही. असे मशीन विकत घ्यायचे असल्यास पेटीचा खर्च किमतीतून आधी वजा करावा. इव्हिनरूडचे उत्पादन तर २०२० साली बंद झाले, तेव्हा सुट्या भागांची चौकशी सौद्यापूर्वीच करावी. कडा झिजतात त्या बहुधा गिअर ‘प्रेमाने’ हळू लावल्यामुळे. गती उतरवून तो झटक्यात लावावा.

शेवटी मंद गतीचा स्क्रू होडी पाण्यात बांधून, गिअर लावूनच बसवावा. कोरड्या जागी मशीन चालवून पाहू नये, पाण्याच्या पंपाचे रबर लगेच जळते.