अर्बुदरोधक जनुके : पेशीतील संयमाची यंत्रणा

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात अर्बुदाचे वर्णन आले आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात बीज, बीजभाग व बीजभागावयव अशा सूक्ष्म स्तरांवरील दुष्टीचा विचार आहे. आधुनिक जनुकशास्त्राशी त्याची ओढूनताणून बरोबरी करण्याचे प्रयोजन नाही. तथापि या शास्त्राने उलगडलेली यंत्रणा वैद्याने जाणून घेणे अगत्याचे आहे.

पेशीविभाजनास चालना देणारी जनुके असतात, तशी त्यास आवर घालणारीही असतात. हीच अर्बुदरोधक जनुके होत. बालकांच्या दृष्टिपटलात होणाऱ्या रेटिनोब्लास्टोमा या अर्बुदाचा अभ्यास करून आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये असे प्रतिपादन केले की, मातापित्यांकडून आलेल्या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी झाल्यावरच हे अर्बुद उद्भवते. एक प्रत जन्मतःच सदोष असलेल्या बालकास दुसरा एकच आघात पुरतो. म्हणून त्याला व्याधी लवकर आणि पुष्कळदा दोन्ही डोळ्यांत होतो. १९८६ मध्ये हे आरबी जनुक वेगळे करण्यात आले.

ही जनुके कार्य कसे करतात? आरबी प्रथिन ई-२-एफ या प्रथिनास धरून ठेवते. ते मोकळे झाल्याविना विभाजनास लागणारी जनुके कार्यप्रवृत्त होत नाहीत. पी-५३ प्रथिनाचे कार्य याहून व्यापक आहे. डीएनएला इजा होताच त्याचे प्रमाण वाढते आणि ते डीएनएच्या ठराविक स्थानी चिकटून इतर जनुकांना जागे करते. त्यांपैकी पी-२१ हे जनुक विभाजन थांबवून दुरुस्तीस अवधी देते. इजा भरून न येण्याजोगी असल्यास बॅक्स, प्यूमा यांसारखी जनुके त्या पेशीचाच अंत घडवितात. मानवी कर्करोगांपैकी सुमारे निम्म्यांत पी-५३ चे जनुक बिघडलेले आढळते आणि बहुतेक बिघाड डीएनएला चिकटणाऱ्या भागातच असतो. म्हणजे प्रथिन असते, पण आज्ञा पोहोचत नाही.

बाह्य हेतूही येथेच घाव घालतात. तंबाखूच्या धुरातील द्रव्ये पी-५३ च्या जनुकास इजा करतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणाऱ्या पॅपिलोमा विषाणूचे ई-६ प्रथिन पी-५३ नष्ट करविते, तर ई-७ आरबीस निष्प्रभ करते.

या ज्ञानातून आपली कर्तव्ये स्पष्ट होतात. बालकाच्या बाहुलीत पांढरी झाक दिसल्यास नेत्रपूरण वा अन्य उपचारांत एक दिवसही न दवडता त्यास नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. स्तन वा बीजकोशाच्या कर्करोगाचा कुलवृत्तान्त आवर्जून विचारावा. बीआरसीए जनुकांतील दोष वंशपरंपरेने येतो.

औषधी निर्मात्यांनी व विक्रेत्यांनीही एक विवेक बाळगावा. एखाद्या वनस्पतीच्या अर्काने परीक्षानळीतील पेशींत पी-५३ वाढले, एवढ्यावरून रुग्णाचा कर्करोग बरा होतो असे सिद्ध होत नाही. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्याच्या अनुसूचीत कर्करोग आहेच. परंतु कायद्याच्या भयापेक्षा रुग्णाचा वाया जाणारा काळ अधिक महत्त्वाचा. अग्निरक्षण, बलरक्षण व वेदनाशमन यांत आपले साहाय्य अर्बुदतज्ज्ञाच्या चिकित्सेसोबत आणि त्यांस कळवून द्यावे. त्यातच रुग्णाचे हित आणि आपल्या शास्त्राची प्रतिष्ठा आहे.