जहागीरदाराची पाणचक्की

१०८६ साली इंग्लंडच्या विल्यम राजाने जिंकलेल्या मुलखाची मोजदाद करवली. ‘डूम्सडे बुक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या दप्तरात नांगर, कुळं, कुरणं यांच्याबरोबर गिरण्याही नोंदल्या आहेत. त्या सुमारे ६,००० भरतात, आणि जवळजवळ सगळ्या पाण्यावर चालणाऱ्या. सरंजामी युरोप म्हटलं की डोळ्यांपुढे किल्ले आणि चिलखतातले स्वार येतात. मला ती व्यवस्था उमगली ती ओढ्याकाठच्या गिरणीपाशी. कुळाला स्वार क्वचितच दिसायचा; पीठ रोज लागायचं.

ओढ्याला बांध घालायचा, पाट काढायचा आणि पाणी चाकावर सोडायचं. पाण्याचं चाक उभं फिरतं, दळणाचा दगड आडवा. म्हणून मध्ये लाकडी दातेरी चाक आणि त्याच्या दात्यांत अडकणारा दांड्यांचा पिंजरा. पाण्याच्या चाकाचा एक फेरा होईपर्यंत वरच्या दगडाचे कितीतरी फेरे होतात. खालची तळी जागची हलत नाही. फिरत्या आसाचे धक्के लाकडी पन्हळीला बसत राहतात, त्यामुळे दाणेही दगडाच्या वेगानेच पडतात. दगड गुळगुळीत झाले की वरचा उचलून टाकी लावायची. उत्तम दगड ऱ्हाइनकाठच्या ज्वालामुखी खडकाचे किंवा फ्रान्सचे. ते समुद्र ओलांडून येत आणि गिरणीच्या खर्चातला मोठा वाटा तेच खात.

एवढा खर्च कुळाच्या आवाक्यातला नव्हता. तो जहागीरदार करी, नाहीतर मठ करी, आणि वसुलीसाठी नियम लावी: माझ्या कुळांनी माझ्याच गिरणीत दळायचं. दळणावळ धान्यातच कापून घेत, कुठे सोळावा हिस्सा, कुठे चोविसावा. गिरणी बहुधा मक्त्याने दिलेली असे. मक्तेदाराला मक्ता भरून वर आपलं पोट भरायचं, मग माप चोख कसं राहणार? इंग्रजी कवी चॉसरने ट्रम्पिंग्टनचा चोरटा गिरणीवाला रंगवला, तेव्हा त्याच्या वाचकांना ओळख करून द्यावी लागली नसेल.

वाराही या मक्तेदारीतून सुटला नाही. ११९१ च्या सुमारास बरी सेंट एडमंड्सजवळ हर्बर्ट नावाच्या धर्माधिकाऱ्याने स्वतःची पवनचक्की उभारली. वाऱ्याचा लाभ कुणाला नाकारता येत नाही, असं त्याचं म्हणणं. तिथला मठाधिपती सॅमसन इतका संतापला की म्हाताऱ्या हर्बर्टने ती घाईघाईने स्वतःच उतरवली.

हातजात्यावर दळणं म्हणजे अंगमेहनत, आणि ती बहुतेक बायकांच्या वाट्याची. पाणचक्कीने ती वाचवली, हे खरंच मोठं काम. तरीही सेंट ऑल्बन्सच्या गावकऱ्यांनी तिथल्या मठाशी पिढ्यान् पिढ्या घरच्या जात्यासाठी भांडण केलं, यात मला त्यांचं शहाणपण दिसतं. जातं घरात असलं की दळणाचा वाटा कुणी कापत नाही.

त्यांचा सामना साध्या माणसाशी नव्हता. मठाधिपती रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड लोहाराचा मुलगा, ऑक्सफर्डला शिकलेला, गणिती. ग्रहगती दाखवणारं घड्याळ त्याने मठात रचायला घेतलं; चाकं-दाते त्याच्याइतके त्या काळी फार थोड्यांना कळत असतील. त्यानेच १३३१ च्या सुमारास गावकऱ्यांना नमवून त्यांची जाती मठात आणवली आणि त्या दगडांची फरशी आपल्या बैठकीच्या दालनात घालून घेतली. जप्त केलेला माल कोठारातही ठेवता आला असता. पायाखाली घालण्याचा अर्थ गावाला बरोबर कळला.

पन्नास वर्षं ते दगड तिथेच होते. १३८१ च्या शेतकरी उठावात विल्यम ग्रिंडकॉब याच्या पुढाकाराने गावकरी मठात शिरले. त्यांनी फरशी उखडली, दगड फोडले आणि रविवारी चर्चमध्ये मंतरलेला पाव वाटत तसा एकेक तुकडा प्रत्येकाला वाटला. हे लिहून ठेवलं टॉमस वॉल्सिंगहॅम याने. तो त्याच मठाचा संन्यासी, बंडखोरांवर जळणारा. तरी तुकड्यांची गोष्ट त्याने गाळली नाही. ग्रिंडकॉबला त्याच वर्षी जुलैत फाशी झाली. बंडात पदरात पाडून घेतलेल्या सनदाही मठाने परत घेतल्या.

फ्रान्समध्ये गिरणीबरोबर भट्टी आणि द्राक्षांचा चरकही धन्याचाच असे. ती सक्ती क्रांतीने १७९३ मध्ये भरपाई न देता समूळ मोडली. फ्रेंच वसाहतवाल्यांनी कॅनडात नेलेली जमीनदारी मात्र तिथे आणखी टिकली, आणि क्विबेकमधल्या कुळांची धन्याच्या गिरणीतून कायद्याने सुटका झाली ती १८५४ साली.