घोडा पाठीने ऐकतो

वारीच्या दिवसांत माउलींची पालखी आळंदीहून पुण्यात येते आणि भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात मुक्काम करते. सोबत दोन अश्व असतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार. दुसऱ्याची पाठ मोकळी, कारण तिथे साक्षात माउली बसतात अशी वारकऱ्यांची श्रद्धा. शितोळे सरकारांचे हे अश्व बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून आळंदीपर्यंत पायी येतात. पुढे रिंगणात टाळ-मृदंगाच्या गजरात ते भरधाव धावतात आणि त्यांच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात.

घोडा मुळात पळून जीव वाचवणारा प्राणी. वाऱ्याने प्लॅस्टिकची पिशवी फडफडली तरी तो बिथरतो. मग एवढा कल्लोळ तो सोसतो कसा? बराचसा भाग सवयीचा. पण घोड्याला दचकवतो तो मुख्यतः अवचित आलेला आवाज. ठेका धरलेल्या आवाजात पुढचा ठोका कधी पडणार हे आधीच कळलेलं असतं. घोडेस्वारी शिकणाऱ्यांनी संगीताकडे वळावं, याचं मूळ मला इथे दिसतं.

घोड्याचे कान आपल्यापेक्षा वेगळे आहेत. माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. घोड्याला सुमारे ५५ पासून ३३,५०० हर्ट्झपर्यंत. म्हणजे ढोलाच्या सर्वांत खालच्या घुमाऱ्यातला काही भाग त्याच्या कानांच्या पल्ल्याबाहेर राहतो, पण आपल्याला अजिबात न कळणारी बारीक शीळ त्याला ऐकू येते. त्याचे दोन्ही कान स्वतंत्रपणे, अगदी मागेपर्यंत वळतात. पाठीवरचा स्वार बोलू लागला की एक कान हळूच मागे फिरतो. स्वारीत याहून गोड क्षण नाही.

आणि लय तर त्याच्या पायांतच आहे. साध्या चालीत चारही टापा वेगवेगळ्या पडतात. कान देऊन मोजल्या तर सरळ चार मात्रा. दुडकीत, म्हणजे ट्रॉटमध्ये, कर्णरेषेतले दोन पाय एकदम पडतात, म्हणून दोनच ठोके. कँटरमध्ये, म्हणजे दुडकीहून वेगाच्या चालीत, तीन ठोके आणि मग चारही पाय हवेत असतानाचा एक निःशब्द क्षण. तबल्यातली ‘खाली’ ज्याच्या कानात बसली आहे, त्याला तो क्षण लगेच सापडेल. कँटर आणि भरधाव दौडीत तर घोड्याचा श्वासही ढांगेशी बांधलेला असतो: एक ढांग, एक श्वास.

गडबड होते ती वर बसलेल्या माणसाची. पहिल्यांदा खोगिरावर बसलेला विद्यार्थी पाहा. मांड्या आवळलेल्या, टाचा वर चढलेल्या, खांदे कानांपाशी, मुठीत लगाम गच्च आणि श्वास छातीत अडकलेला. ज्या घोड्याला पाठीवर बसलेली एक माशी कळते आणि ती उडवायला तो तेवढीच कातडी थरथरवतो, त्याला पन्नास-साठ किलोंचा हा आवळलेला देह कळणार नाही? स्वीडनच्या संशोधकांनी २००९ मध्ये याचा सुंदर पुरावा दिला. लोकांनी घोडे ठरावीक अंतर चालवत न्यायचे, काहींनी स्वार होऊन, काहींनी लगाम धरून. चौथ्या फेरीआधी त्यांना सांगितलं, या वेळी घोड्यासमोर छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. तरी माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि घोड्यांचेही. छत्रीची भीती घोड्यापर्यंत पोहोचली ती माणसामार्फत.

म्हणून संगीताचं पहिलं काम स्वारावर. स्वारी शिकवणारे उस्ताद घाबरलेल्या मुलाला ‘गाणं म्हण’ असं सांगतात, त्यामागे पक्कं शरीरशास्त्र आहे. गाताना श्वास कोंडून ठेवताच येत नाही. ओळ संपेपर्यंत तो लांबवर सोडावा लागतो आणि उच्छ्वास लांबला की व्हेगस मज्जातंतूच्या प्रभावाने हृदयाची गती उतरते. जबडा सुटतो, खांदे खाली येतात, कंबर घोड्याच्या पाठीबरोबर हलू लागते. दुसरा फायदा लयीचा. मेंदूतली ऐकण्याची आणि हालचालींची केंद्रं एकमेकांशी घट्ट जोडलेली असतात. पार्किन्सनच्या रुग्णांना ठेक्यावर चालायला शिकवतात ते याच आधारावर. दुडकीतली उठबस मनात ‘एक-दोन’ मोजून जमत नाही, ती ठेक्यावर पटकन जमते.

मग घोडा संगीतावर नाचतो का? ड्रेसाज या क्रीडाप्रकारात संगीतावर सादर करायची ‘फ्रीस्टाइल’ असते. ऑलिंपिकमध्ये ती १९९६ च्या अटलांटा स्पर्धेपासून आहे. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत, २०२३ मध्ये, भारताच्या ड्रेसाज संघाने सुवर्णपदक जिंकलं. त्या संघात मुंबईचा हृदय छेडा होता. संघातल्याच अनुष अगरवालाने वैयक्तिक कांस्य मिळवलं, ते संगीताच्या याच फेरीत. पण तिथे संगीत निवडतात ते घोड्याच्या ढांगा मोजून. आधी घोड्याची लय, मग त्याला साजेशी धून. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात नाचणारा घोडा पाहताना नजर वादकावरही ठेवा. त्याचे डोळे टापांवर असतात.

पागेत संगीत लावल्याचा उपयोग होतो का, हेही तपासलं गेलं आहे. पोलंडमध्ये शर्यतीच्या अरबी घोड्यांना रोज पाच तास संथ संगीत ऐकवलं, तेव्हा त्यांच्या हृदयगतीच्या नोंदींत निवांतपणा दिसला. मात्र काही महिन्यांनी परिणाम ओसरत गेला. आवाज मोठा असेल तर गणितच उलटं. वरातीत कर्ण्यांच्या भिंतीपुढे उभी केलेली घोडी नाचत नसते. तिचे मागे चिकटलेले कान आणि डोळ्यांतला पांढरा भाग पाहिला की ती काय सोसते आहे ते समजतं. तिला त्या भिंतीपासून दूर ठेवणं हे आपलं कर्तव्य आहे.

शिकणाऱ्यांनी कानात इअरफोन मात्र घालू नयेत; उस्तादांची हाक आणि मागून येणारी टाप ऐकू आलीच पाहिजे. स्वारीला निघण्याआधी दहा मिनिटं संथ काही ऐकावं. सरावाच्या रिंगणात सोबत्यांना चालत असेल तर हळू आवाजात स्पीकर ठेवावा. नाहीतर सरळ गुणगुणावं. घरातून उचललेला एखादा भजनी ठेका पुरतो.

मांड पक्की होते ती आवळून नव्हे, सैल सोडून. तिसऱ्या-चौथ्या फेरीला तुमचा श्वास आपोआप लांब होईल. घोडा मान खाली सोडेल आणि नाकातून एक लांब फुरफुर ऐकू येईल. घोडा सुखात असताना अशी फुरफुर अधिक होते, असं फ्रान्समधल्या अभ्यासात दिसलं आहे. तुमचं गाणं पाठीवाटे त्याच्यापर्यंत पोहोचलं, ही त्याची पोच.